नाणं आधीच उडवून ठेवलेलं असतं

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे देवळालीचे शाळामास्तर. त्यांची ६१७४ ची गंमत बऱ्याच मराठी घरांत कधी ना कधी करून झालेली असते. सगळे अंक सारखे नसलेला कोणताही चार अंकी आकडा घ्यायचा. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे आणि त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने मांडून वजा करायचे. ३५२४ घेतला तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे कितीही वेळा केलं तरी ६१७४ च. सुरुवात कुठूनही करा, सात पायऱ्यांच्या आत तिथे पोचता. डायनॅमिकल सिस्टीमचा, म्हणजे एकच नियम पुन्हा पुन्हा लावला की काय होतं याचा, अभ्यास इथून सुरू केलेला बरा, कारण पहिल्या दोन आठवड्यांतले सगळे शब्द इथे कागदावर दिसतात. आकड्यांचा संच म्हणजे स्टेट स्पेस, वजाबाकीची क्रिया म्हणजे मॅप, आकड्यांची रांग म्हणजे ऑर्बिट, ६१७४ म्हणजे फिक्स्ड पॉइंट. हीच क्रिया दोन अंकी आकड्यांवर केली की फिक्स्ड पॉइंट हाती लागत नाही. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९ असं पाच घरांचं चक्र मिळतं. (११, २२ वगैरे थेट शून्यात जातात, त्यांचं बेसिन, म्हणजे एकाच ठिकाणी जाऊन पोचणाऱ्या सुरुवातींचा गट, वेगळं.)

यातली एक गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी: संच मर्यादित असेल तर प्रत्येक ऑर्बिट शेवटी चक्रातच अडकतं. ती पुढे कॉम्प्युटरपाशी उपयोगी पडते.

यानंतर लॉजिस्टिक मॅप. नवा क्ष = र × क्ष × (१ − क्ष), क्ष ० ते १ मध्ये, र ० ते ४ मध्ये. रॉबर्ट मे यांनी १९७६ साली याच एवढ्याशा समीकरणाकडे जीवशास्त्रज्ञांचं लक्ष वेधलं होतं. आलेख कागदावर पॅराबोला काढा, ४५ अंशांची रेघ काढा. मग उभी रेघ वक्रापर्यंत, आडवी रेघ तिरक्या रेघेपर्यंत, पुन्हा उभी. या जाळ्याला कॉबवेब म्हणतात. र = २.८, ३.२ आणि ३.५ साठी प्रत्येकी वीस पायऱ्या तरी हाताने काढाव्यात. ३.२ ला ०.५ पासून निघालात तर ०.८, ०.५१२, ०.७९९५, ०.५१२९ असं येतं. चौथ्या पायरीलाच दोन घरांचं चक्र डोळ्यांना दिसतं. ३.५ ला चार घरं. र = ३ ला एकाची दोन घरं होतात, १ + √६ म्हणजे ३.४४९ च्या आसपास दोनाची चार, ३.५४४ पाशी चाराची आठ, आणि ३.५६९९५ च्या जवळ हे दुप्पट होणं संपून गोंधळ (केऑस) सुरू होतो. दोन फुटींमधल्या अंतरांचं गुणोत्तर ४.६६९२ कडे जातं, तो फायगेनबाउमचा स्थिरांक.

हे आकडे पाठ असणारे पुष्कळ. पण नेमकं र = ३ घालून पाहणारे कमी, आणि तिथेच बरेच जण फसतात. ३ ला फिक्स्ड पॉइंट ०.६६६७ आहे आणि ऑर्बिट तिथेच जातं, पण इतकं रेंगाळत जातं की दोन घरांचं चक्र असल्यासारखं वाटतं. न पायऱ्यांनंतर अंतर साधारण १ भागिले √(१८ न) उरतं. म्हणजे हजार पायऱ्यांनंतरही आकडे ०.६७४ आणि ०.६५९ असे झुलत असतात. कारण साधं आहे: फिक्स्ड पॉइंटपाशी उतार बरोबर −१ असतो, त्यामुळे पहिल्या घाताचं पद अंतर कमी करतच नाही, दोन पायऱ्या मिळून पाहिल्या तर ते काम तिसऱ्या घाताच्या पदावर पडतं. ऑर्बिट स्थिर बिंदूकडे जातं आहे की नाही, हे किती पायऱ्या चालवून ठरवलं असं विचारलं आणि उत्तर ‘शंभर’ आलं, तर र = ३ दाखवावा.

सुरुवातीचा बिंदू ०.५ घेण्यामागेही कारण आहे. पॅराबोलाचं शिखर तिथे असतं, आणि आकर्षित करणारं चक्र असेल तर शिखराचं ऑर्बिट हमखास त्यात जाऊन पडतं (सिंगर, १९७८). पण सवयीने र = ४ लाही ०.५ च टाकला, तर ०.५, १, ०, ०, ० आणि खेळ खलास.

आता कॉम्प्युटर. सगळ्यात सोपा केऑटिक मॅप म्हणजे दुप्पट करा आणि पूर्णांक भाग टाका. ०.१ पासून कागदावर ०.२, ०.४, ०.८, ०.६, पुन्हा ०.२ असं चार घरांचं चक्र कायम चालतं. हेच साध्या डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे आकड्याचे ठरावीकच बायनरी अंक ठेवणाऱ्या कॉम्प्युटरच्या नेहमीच्या पद्धतीत, चालवा. पहिल्या चाळीस-पंचेचाळीस पायऱ्या छापील उत्तर बरोबर दिसतं. पन्नासाव्या पायरीला ०.४ च्या जागी ०.४०६२५ येतं. मग ०.८१२५, ०.६२५, ०.२५, ०.५ आणि पंचावन्नाव्या पायरीला शून्य. त्यानंतर शून्यच. प्रोग्राममध्ये चूक शोधत बसू नका, चूक तिथे नाही. मशीन ०.१ साठवूच शकत नाही. ते त्याच्या जवळचा, छेदात दोनाचा पंचावन्नावा घात असलेला अपूर्णांक साठवतं. दुप्पट करणं म्हणजे बायनरी आकडे एक घर डावीकडे सरकवणं. सरकवता सरकवता साठवलेले आकडे संपले की उरतं शून्य. कोणत्याही सुरुवातीपासून निघा, हेच होणार. उपाय दोन: अपूर्णांकांचं अचूक गणित वापरा, किंवा प्रत्येक पायरीला उजव्या टोकाला नाणं उडवून एक नवा बायनरी अंक जोडा. दुसरा उपाय करताना तुम्ही नकळत रँडम डायनॅमिकल सिस्टीमच्या दारात उभे असता.

र = ४ च्या लॉजिस्टिक मॅपला हे अंक संपणं इतकं उघड होत नाही, कारण तिथे राउंडिंगची धूळ मधेमधे भर घालते. पण तिथे दुसरा प्रयोग करा. एका रकान्यात ४ × क्ष × (१ − क्ष), शेजारच्या रकान्यात ४ क्ष − ४ क्ष². बीजगणितात एकच गोष्ट. ०.३ पासून दोन्ही चालवा. पन्नास-साठ पायऱ्यांत दोन्ही रकान्यांचा एकमेकांशी संबंध उरत नाही. डबल प्रिसिजनमधली चूक २ च्या उणे त्रेपन्नाव्या घाताएवढी असते आणि सरासरीने दर पायरीला दुप्पट होते, तेव्हा पन्नासेक पायऱ्यांत ती एककाच्या घरात येणारच. ‘ल्यापुनोव्ह एक्स्पोनंट लॉग २, म्हणजे ०.६९३१’ या वाक्याचा अर्थ हा. क्ष = साइनवर्ग फाय लिहिलं तर पुढचा क्ष साइनवर्ग दोन फाय येतो, म्हणजे कोन नुसता दुप्पट होतो. हे एका ओळीत दिसतं, म्हणून परीक्षेतही हेच विचारतात.

मग ऑर्बिटच खोटं असेल तर त्याचं करायचं काय? आलेख नका छापू, हिस्टोग्राम छापा. ० ते १ चे दहा सारखे खोके करा, र = ४ ची एक लाख मूल्यं त्यांत टाका. पहिल्या आणि शेवटच्या खोक्यात प्रत्येकी साडेवीस टक्के, मधल्या दोन खोक्यांत प्रत्येकी ६.४ टक्के, सुरुवात कुठूनही केली तरी जवळजवळ तेच. ही घनता १ भागिले पाय × √(क्ष(१ − क्ष)). उलाम आणि फॉन नॉयमान यांनी ती १९४७ मध्ये सांगितली होती. ती मॅपखाली तशीच राहते हे स्वतः पडताळून पाहावं, अर्ध्या पानाचं काम आहे. क्ष ला येणारे मागचे दोन बिंदू य शोधा. दोन्हींसाठी य(१ − य) = क्ष/४ आणि दोन्हींपाशी उताराची किंमत ४√(१ − क्ष). एवढं दिसलं की बाकी काटाकाटी. हे न करता पेरॉन-फ्रोबेनियस ऑपरेटरची (घनता एक पायरी पुढे नेणाऱ्या क्रियेची) व्याख्या पाठ करणाऱ्यांचं पुढे काही खरं नसतं.

बर्कहॉफचं १९३१ चं प्रमेय इथे येतं: काळावरची सरासरी आणि जागेवरची सरासरी ‘जवळजवळ प्रत्येक’ सुरुवातीसाठी सारखी. या दोन शब्दांसाठी मेझर थिअरी, म्हणजे संचांना माप देण्याचं शास्त्र, लागते. ती झालेली नसेल तर हा विषय पुढच्या सत्राला ढकला, मधल्या वाटेने जाऊ नका. ०.७५ हा र = ४ चा फिक्स्ड पॉइंट आहे, तिथून निघालात तर सरासरी ०.७५ च येणार, ०.५ नाही. असे अपवादाचे बिंदू अनंत आहेत, घनदाट पसरलेले आहेत, तरी त्यांचं माप शून्य. हे पचायला वेळ लागतो. लागू द्यावा.

रँडम भागाची सुरुवात व्याख्येपासून करू नये, गुणाकारापासून करावी. हातात १ रुपया. छापा पडला की १.५ ने गुणा, काटा पडला की ०.६ ने. एका पायरीचा सरासरी गुणक १.०५. शंभर पायऱ्यांनंतर सरासरी १.०५ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे १३१ रुपये. आता एकच धाव पाहा: शंभरात पन्नास छापे आले तर हाती १.५ × ०.६ = ०.९ चा पन्नासावा घात उरतो, अर्धा पैसा. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. पहिल्यात सरासरी सगळ्या नाण्यांवर घेतली आहे, दुसऱ्यात नाण्यांची एक ओळ हातात धरून काळावर. दुसऱ्या हिशेबातला दर पायरीचा लॉग, म्हणजे −०.०५२७, हा या सिस्टीमचा ल्यापुनोव्ह एक्स्पोनंट. जवळजवळ प्रत्येक धाव शून्याकडे जाते आणि सरासरी मात्र अनंताकडे. सिम्युलेशनने सरासरी पडताळायला गेलात तर वेगळीच फजिती होते: हजार पायऱ्यांच्या हजार धावा केल्या तरी उत्तर शून्याला चिकटून येतं, खरी सरासरी १ वर २१ शून्यांच्या घरात असूनही. ती सरासरी ज्या दुर्मीळ धावांनी उचलून धरलेली असते, त्या हजारात एकदाही येत नाहीत.

म्हणून या विषयात कोणताही प्रश्न हातात घेतला की आधी विचारायचं, काय धरून ठेवलंय आणि कशावर सरासरी घेतली आहे? लुडविग आर्नॉल्ड आणि त्यांच्या ब्रेमेनच्या मंडळींनी जी व्याख्या रूढ केली ती याच प्रश्नाचं चोख उत्तर आहे. त्यात नाणं पायरीपायरीला उडवत नाहीत. सगळी नाणी, मागची अनंत आणि पुढची अनंत, आधीच उडवून एका ओळीत मांडून ठेवलेली असतात. त्या ओळीचं नाव ओमेगा. थीटा नावाचा मॅप ओळीला फक्त एक घर सरकवतो. आणि फाय ही चाल: ओमेगा दिला, पायऱ्यांची संख्या दिली, की बिंदू कुठे जाईल ते ठरलेलं. अट एकच, तिला कोसायकल म्हणतात: म + न पायऱ्या चालणं म्हणजे ओमेगाने म पायऱ्या चालणं, मग ओळ म घरं सरकवणं, आणि सरकलेल्या ओळीने न पायऱ्या चालणं. सरकवणं विसरलं की तीच तीच नाणी पुन्हा वापरली जातात. वह्यांमध्ये सर्वाधिक लाल शेरे मिळतात ते याच चुकीला. न = १, म = १ घेऊन एकदा लिहून काढलं की परत होत नाही.

पुढची पायरी सगळ्यांना अडते, म्हणून ती हाताने करूनच पाहावी. मॅप दोन. काटा पडला तर क्ष चा अर्धा, छापा पडला तर (क्ष + १) चा अर्धा. नाणी: छापा, काटा, छापा, छापा. ० पासून सरळ पुढे चला: ०.५, ०.२५, ०.६२५, ०.८१२५. कुठेच थांबत नाही आणि थांबणारही नाही, कारण दर वेळी नवं नाणं बायनरी अपूर्णांकाच्या पहिल्या जागी घुसतं. आता तीच नाणी, पण नवा मॅप बाहेरून न लावता आतून लावा, म्हणजे सर्वांत नवं नाणं आधी आणि पहिलं नाणं शेवटी. एका नाण्याला ०.५, दोनांना ०.५, तिनांना ०.६२५, चारांना ०.६८७५. नवं नाणं आता शेवटच्या जागी बसतं, म्हणून आकडा स्थिरावत जातो. चार नाण्यांची बायनरी ओळ १०११ म्हणजेच ०.६८७५. दर ठरावीक पायरीला दोन्ही पद्धतींचं संभाव्यता वितरण अगदी एकच असतं, पण एक रांग भटकते आणि दुसरी ठराविक बिंदूला जाऊन पोचते.

दुसऱ्या पद्धतीचं नाव पुलबॅक. शब्दांत सांगायचं तर: आज कुठे आहोत हे पाहायचं, पण सुरुवात अधिकाधिक मागच्या काळापासून करत जायची; आत जोडलेलं प्रत्येक नवं नाणं म्हणजे आणखी जुन्या काळातलं नाणं. ‘आज’ ची जागा भूतकाळातल्या नाण्यांनी ठरते. तो बिंदू म्हणजे रँडम फिक्स्ड पॉइंट. ओमेगा बदलला की तो बदलतो, आणि सगळ्या ओमेगांवर पसरून पाहिला तर ० ते १ वरचं सपाट वितरण मिळतं. स्टेशनरी मेझर म्हणजे हे सपाट वितरण. इन्व्हेरियंट मेझर म्हणजे ओमेगागणिक एका बिंदूवर बसलेलं वजन. दोन्हींना एकच समजून लिहिलेली उत्तरं दिसायला ठीक असतात आणि आतून पोकळ.

मॅट्रिक्सच्या गुणाकाराला आलं की ओसेलेडेट्सचं १९६८ चं प्रमेय येतं: अशा गुणाकाराच्या वाढीचे दर, म्हणजे ल्यापुनोव्ह एक्स्पोनंट, जवळजवळ प्रत्येक ओमेगासाठी अस्तित्वात असतात. त्याची मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एम. एस. रघुनाथन यांनी १९७९ मध्ये छापलेली सिद्धता वाचायला घ्यावी, रेषीय बीजगणित पक्कं असेल तर ती झेपते. गणनेपुरतं एवढं पुरे: गुणाकार सरळ करत जाऊ नका. दर पायरीला दुपटीने वाढ असेल तर १०२४ पायऱ्यांत डबल प्रिसिजनची मर्यादा ओलांडते, आणि त्याच्या कितीतरी आधी दोन्ही स्तंभ एकाच दिशेला झुकून दुसरा एक्स्पोनंट गडप होतो. दर पायरीला क्यूआर करा, म्हणजे मॅट्रिक्सची लंब स्तंभांचा क्यू आणि वरचा त्रिकोणी आर अशी फोड करा, आणि आरच्या कर्णावरच्या किमतींचे लॉग जमा करा. शेवटी सगळ्या एक्स्पोनंटांची बेरीज डिटर्मिनंटच्या लॉगच्या सरासरीशी जुळते का ते तपासा. नाही जुळली तर चूक तुमच्या प्रोग्राममध्येच आहे, या वेळी मशीनला दोष देता येणार नाही.

आता सतत काळाचा नमुना. बल अ क्ष − क्ष³, त्यावर सिग्मा ताकदीचा नॉइज, म्हणजे यादृच्छिक धक्के. ऑयलर-मारुयामाची पायरी अशी: नवा क्ष = क्ष + (अ क्ष − क्ष³) × ह + सिग्मा × √ह × झ, इथे ह हा काळाचा टप्पा आणि झ प्रमाण नॉर्मल (सरासरी ०, प्रसरण १) यादृच्छिक आकडा. √ह च्या जागी ह लिहिणं ही नेहमीची चूक. ह = ०.०१ असेल तर नॉइज दहापट दुबळा होतो, आणि ‘अचूकता वाढवायला’ ह कमी करावा तसतसा नाहीसाच होतो. दुसरी चूक ह अर्धा करताना नवा नॉइज काढण्याची. मग दोन उत्तरांची तुलना कशाशी करणार? आधी बारीक टप्प्याचे आकडे काढून ठेवा, मोठ्या टप्प्यासाठी शेजारच्या दोघांची बेरीज घ्या. आणि क्ष³ मुळे ऑयलर उडतोही: ह = ०.०१ ला क्ष १४ च्या पलीकडून सुरू केला तर दर पायरीला चिन्ह बदलत तो मोठा मोठा होत जातो. समीकरणाचं खरं उत्तर असं वागत नाही.

अ = १ ठेवून दीर्घकाळ हिस्टोग्राम काढला तर +१ आणि −१ वर दोन उंचवटे दिसतात. घनता क्ष² − क्ष⁴/२ ला सिग्मावर्गाने भागून ई च्या घातात टाकल्यासारखी. साहजिकच वाटतं की दोन आकर्षणं आहेत. क्राउएल आणि फ्लांडोली यांनी १९९८ मध्ये दाखवलं ते उलट आहे: ओमेगा धरून ठेवला तर रँडम अट्रॅक्टर, म्हणजे पुलबॅकने सगळ्या सुरुवाती जिथे ओढल्या जातात ती जागा, एकच बिंदू असतो. नॉइजने फाट्याचं बायफर्केशन, म्हणजे अ धन होताच एका स्थिर बिंदूचे दोन होणं, पुसून टाकलं. (प्रकरण तिथे संपलं नाही. २०१७ मध्ये कॅलवे, डोन, लॅम आणि रासमुसेन यांनी दाखवलं की अ धन झाला की मर्यादित काळाचा एक्स्पोनंट धन असण्याची, म्हणजे जवळचे बिंदू काही काळ एकमेकांपासून दूर जाण्याची, शक्यता उरते, म्हणजे फाट्याची खूण पूर्ण पुसली जात नाही.)

हे पडद्यावर पाहायचं असेल तर झ चे आकडे आधी एकदाच काढून रकान्यात ठेवा, आणि क्ष = २ व क्ष = −२ पासून निघालेल्या दोन्ही धावांना तोच रकाना द्या. पायरीच्या फंक्शनच्या आत झ काढला तर प्रत्येक धावेला वेगळा ओमेगा मिळतो आणि प्रयोगच बदलतो. सिग्मा = १ ला दोन्ही रेषा पाहता पाहता एक होतात आणि मग सुटत नाहीत. सिग्मा = ०.५ ला एका खड्ड्यातून दुसऱ्यात (+१ पासून −१ ला किंवा उलट) जायला सरासरी तीसेक एककं लागतात. ०.३ ला हजाराच्या वर, म्हणजे ह = ०.०१ धरला तर लाखभर पायऱ्या. ०.२ ला बारा लाख एककं, बारा कोटी पायऱ्या. ०.१ ला हाच आकडा २ वर २२ शून्यं. प्रमेय तिथेही तेच आहे, पण पडद्यावर दोन रेषा शेवटपर्यंत दोनच दिसतील.